केसरबाईंची दुसरी पौर्णिमा

केसरबाई शिवशरण यांच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर दोन कॅलेंडरं आहेत. एक आपलं नेहमीचं मराठी, दुधाच्या खुणांनी भरलेलं. दुसरं म्हणजे झेरॉक्सच्या दुकानातून मोठा करून आणलेला एक कागद. तो फाटू नये म्हणून त्याला चारी बाजूंनी टॉवेलच्या कापडाची पट्टी मशीनवर शिवलेली आहे. हो, कागदाला. बावीस वर्षं अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कडा शिवणारी बाई दुसरं काय करणार? जे सुटेल असं वाटतं त्याला ती कड मारते.

त्या कागदावर थायलंडच्या सरकारी सुट्ट्या आहेत. वर साल लिहिलंय २५६८. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा म्हटलं, छापायची चूक दिसते.

"चूक न्हाय बाई," केसरबाई म्हणाल्या. "ते लोक बुद्धाच्या महापरिनिर्वाणापास्नं मोजत्यात. आपुनच मागं हाय."

त्या सातवी शिकलेल्या आहेत. मी एम.ए., सदतीस वर्षं कॉलेजात शिकवलेली. कोण कुणाला शिकवतंय ते तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

त्यांची मुलगी दीक्षा बारावीला माझ्याकडे इंग्रजीला यायची. हुशार आणि हट्टी. बी.कॉम. झाली, इथल्या एका टॉवेल निर्यातदाराकडे लागली, आणि तिथल्या ओळखीतून अडीच वर्षांपूर्वी बँकॉकला गेली. तिथे एका भारतीय शेठचं टॉवेल-चादरींच्या आयातीचं ऑफिस आहे. ती तिथं हिशेब आणि पत्रव्यवहार बघते. गेल्यापासून घरी आलेली नव्हती. शेठची माणसं सुट्टीवर जातात ती तिथल्या सणांना जोडून, आणि सगळ्यात मोठी सुट्टी असते सोंगक्रानची, म्हणजे त्यांच्या नववर्षाची, १३ ते १५ एप्रिल. तेव्हा विमानाच्या तिकिटांकडे बघवत नाही.

म्हणून मग केसरबाईंनी तो कागद मागवला. पोरगी येत नाही तर नाही, निदान ती आज कामावर आहे की घरी, एवढं तरी कळावं. संध्याकाळी फोन आला की त्या एकेक सुट्टी विचारून घ्यायच्या, आणि दुसऱ्या दिवशी माझ्याकडे येऊन मला ऐकवायच्या. मला वेळ आहे की नाही हे विचारायची पद्धत त्यांच्यात नाही. माझ्यातही नाही, म्हणून आमचं जमतं.

अशी मी थायलंड शिकले. माघी पौर्णिमेची माखा: साडेबाराशे भिक्खू कुणी निरोप न धाडता एकाच दिवशी बुद्धाकडे जमले, त्याची आठवण. आषाढीची सुट्टी पहिल्या प्रवचनाची. तिच्या दुसऱ्या दिवसापासून वर्षावास. पावसात फिरताना पायाखाली भाताची रोपं तुडवली जातात म्हणून भिक्खूंनी तीन महिने एका जागी राहायचं, आणि लोकांनी त्यांना मोठाल्या मेणबत्त्या नेऊन द्यायच्या. कितीतरी पुरुष ते तीन महिने दारू सोडतात, असं दीक्षाने सांगितलं.

"तीन म्हैने!" केसरबाई म्हणाल्या. "आमच्या गल्लीत तीन दिस जमंना."

१२ ऑगस्ट आईचा दिवस, त्या दिवशी आईला मोगऱ्याची फुलं द्यायची. २३ ऑक्टोबर, ज्या राजाने गुलामगिरी बंद केली त्याचा. यावर केसरबाई "त्याला सुट्टी देत्यात," एवढंच म्हणाल्या. आणि १४ एप्रिलला सगळं बँकॉक एकमेकांवर पाणी उडवतं हे ऐकल्यावर खूश. "आपल्या जयंतीला सणच करत्यात म्हना की!"

सोंगक्रानचं खरं कारण पाणी उडवणं नाही हेही त्यांनीच मला सांगितलं. आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या तळहातांवर सुगंधी पाणी ओतायचं, वर्षभरात काही चुकलं असेल तर माफ करा म्हणायचं, मग आशीर्वाद घ्यायचा. १३ तारीख तिथं म्हाताऱ्यांचीच.

आता मूर्तीचं.

केसरबाईंचे मालक सतीश गवंडी होते. वस्तीतल्या विहाराचा चबुतरा त्यांनी बांधला, मजुरी न घेता. विहारातली बुद्धमूर्ती प्लास्टरची, पन्नास वर्षांची. एका हाताची बोटं गेलेली, रंगावर रंग चढून नाकडोळे बुजलेले. चबुतरा झाला त्या दिवशी सतीश सगळ्यांसमोर म्हणाले, "ह्याच्यावर बसनारी मूर्तीबी मीच देनार." पाच महिन्यांनी काविळीने गेले. याला सहा वर्षं झाली.

तो शब्द केसरबाईंनी उचलला. कुणी मागितला नव्हता. विहार समितीचे अध्यक्ष त्रिंबक तात्या तर म्हणाले होते, "माणूस गेला, विषय संपला." जिल्हा परिषदेतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेला माणूस. विषय संपला की फाईल बांधायची, इतकं सोपं. केसरबाईंनी फाईल बांधू दिली नाही. दर पौर्णिमेला वंदना झाली की त्यांचं एक वाक्य ठरलेलं: "मूर्ती आमची येनार हाय." बायका हसायला लागल्या होत्या.

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुमाराला दीक्षाचा फोन आला. पितळेची मूर्ती बघितली आहे, दीड फुटाची, एक हात जमिनीला टेकलेला. विसाखाला येते घेऊन.

"तिकडं इकत घेतली म्हनत न्हाईत," केसरबाई मला म्हणाल्या. "भाड्यानं आनली म्हनायचं. बुद्ध इकत घेता येत न्हाय म्हने."

"मग परत कधी द्यायची?"

"तेच मी इचारलं! तर हसाया लागली."

मग त्यांनी कागद माझ्यापुढे धरला. "आन हे विसाखा म्हंजी कवा?"

मी चष्मासुद्धा नीट लावला नाही. विसाखा म्हणजे वैशाख, वैशाखी पौर्णिमा, म्हणजे आपलीच बुद्ध पौर्णिमा. कागदावर २०२५ ची तारीख ११ मे, आपल्या कॅलेंडरात १२ मे. एका दिवसाचा फरक, तो तिथीचा. २०२६ ची बुद्ध पौर्णिमा कधी? १ मे. मी लाल पेन घेतलं आणि त्यांच्या कागदाच्या खाली मोठ्या अक्षरात लिहून दिलं: विसाखा, १ मे २०२६. खाली रेघ मारली. मास्तरीणच ती.

केसरबाईंनी ती तारीख विहारात जाहीर केली. सहा वर्षांत पहिल्यांदा कुणी हसलं नाही. तात्यांनी पत्रिकेचा मसुदाही केला.

मार्चच्या तीन तारखेला त्या माझ्याकडे आल्या, जरा विचारात. "बाई, दीक्षा म्हनती आज माखाची सुट्टी हाय. माघी पौर्णिमा तर म्हैन्यामागं झाली की. आज होळीची पौर्णिमा."

"असेल काहीतरी त्यांचं," मी म्हटलं. मला वीजबिलाच्या ऑफिसात जायचं होतं. ज्या बाईने बरोबर जागी बोट ठेवलं होतं, तिला मी वाटेला लावलं. हे लिहिताना मला आनंद होत नाही, पण झालं ते असं झालं.

एप्रिलच्या वीस तारखेला संध्याकाळी मी केसरबाईंकडे चहाला गेले होते. दीक्षाचा फोन आला. स्पीकर चालू.

"आई, तिकीट झालं. ३० मेला सकाळी पुण्यात, संध्याकाळपर्यंत घरी."

"तीस एप्रिल म्हन."

"मे गं. विसाखा ३१ मेला आहे ना."

"येडी का काय? पौर्णिमा एक तारखेला हाय! पत्रिका छापाया टाकलीया तात्यांनी!"

"एक मे? एक मेला इथं कामगार दिन आहे आई. विसाखा एकतीसला. रविवार आहे म्हणून सोमवारीपण सुट्टी, बुधवारी राणीचा वाढदिवस, असं सगळं जोडून शेठकडून आठ दिवस घेतलेत."

दोघी सहा महिने फोनवर "पौर्णिमेला, पौर्णिमेला" म्हणत होत्या. तारीख कुणीच उच्चारली नव्हती. पौर्णिमेला तारीख कशाला विचारायची? चंद्र तर एकच.

मी मध्ये पडले. म्हटलं, "दीक्षा, १ मे शुक्रवार, पुढे शनिवार-रविवार, आणि ४ मेला तुमच्याकडे राज्याभिषेक दिन आहे. माझ्यासमोर कागद आहे. चार दिवसांत येऊन जाता येईल."

"बाई, शेठ चार तारीख देत नाहीत. ती सरकारी ऑफिसांना. आणि मूर्ती देशाबाहेर न्यायची तर तिथल्या कला खात्याचा परवाना लागतो. तो मेच्या दुसऱ्या आठवड्यात मिळणार. मूर्तीशिवाय येऊन काय करू?"

फोन ठेवल्यावर केसरबाईंनी चहाची कपबशी विसळली, पालथी घातली, परत सरळ केली. मी घरी आले आणि पंचांग काढलं. जे दिवाळीत बघायला हवं होतं ते एप्रिलात बघितलं. यंदा अधिक महिना आहे. चांद्र वर्ष सूर्याच्या मागे पडतं, म्हणून तीनेक वर्षांनी एक महिना जादा घालतात. आपल्याकडे तो कधी या महिन्याला जोडून येतो, कधी त्या, यंदा ज्येष्ठाला. थायलंडात तो ठरलेला, नेहमी आषाढाच्या वेळचा, आणि त्या वर्षी माखा आणि विसाखा हे दोन्ही सण ते एकेक महिना पुढे घेतात. आषाढीपासून पुढे पुन्हा दोघांचं जमतं. दीक्षा तिथं गेल्यानंतरची दोन्ही वर्षं अधिक महिन्याची नव्हती. म्हणून भिंतीवरच्या कागदाने आम्हाला फसवलं. आम्हाला कसलं, मला.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन हे सगळं त्यांना सांगितलं. वर म्हटलं, "चूक माझी आहे. मी समितीपुढे येऊन सांगते."

"तुमी बसा," केसरबाई म्हणाल्या. "तुमची चूक ऐकाया कोन येनार? शब्द आमचा हाय."

तोवर हे तात्यांच्या कानावर गेलंच होतं. वॉर्डातल्या एका होतकरू भाऊंनी विहाराला संगमरवरी मूर्ती द्यायची तयारी कधीचीच दाखवली होती. तीन फुटांची, खाली देणाऱ्याचं नाव कोरलेली. तात्यांनी निरोप पाठवला: रविवारी बैठक. केसरबाईंची मूर्ती १ मेला येत नसेल तर भाऊंची बसेल.

म्हणजे सतीश शिवशरणांच्या चबुतऱ्यावर भाऊंचं नाव. एकदा मूर्ती बसली की बसली. ती काय उद्या काढून दुसरी ठेवतात?

रविवारी केसरबाई दोन्ही कॅलेंडरं गुंडाळून निघाल्या. मी बोलावलेली नसताना मागे गेले आणि विहारात बायकांमध्ये भिंतीला टेकून बसले. शेजारी नागव्वा, पंचाहत्तरीची, अक्कलकोटकडची, तोंडात तंबाखू. मला म्हणाली, "लाल पेन आनलंय का?" म्हणजे वस्तीभर झालं होतं.

केसरबाईंनी दोन्ही कॅलेंडरं चबुतऱ्याला टेकवून उभी केली आणि सांगितलं. मूर्ती एकतीस मेला. थांबा.

"वहिनी," तात्या म्हणाले, "पौर्णिमा म्हणजे काय रिक्षा आहे का, हात केला की थांबायला?"

लोक हसले.

"थांबवा कोन म्हनतंय? पौर्णिमा एक तारखेलाच करा. खीर करा, वंदना करा. मूर्ती तेवढी एकतीसला बसवू. त्या दिवशी थायलंडात पौर्णिमाच हाय. देशाच्या देश दिवा घिऊन विहाराला फेरी मारतोय, तीनदा."

"इथं ३१ मे म्हणजे अधिक महिना. धोंड्याचा. त्यात मूर्ती बसवली तर चार लोक काय म्हणतील?"

माझ्या शेजारून नागव्वाने तंबाखूचा तोबरा गालात सरकवला. "तात्या, मागच्या धोंड्यात तुज्या जावयाला तेहतीस अनारसे आन ताट कुनी दिलं रं?"

आता हसणं आवरेना. तात्यांचे कान लाल. केसरबाई मात्र हसल्या नाहीत.

"धम्मदीक्षा घेऊन सत्तर वर्सं हुतील औंदा," त्या म्हणाल्या. "आपुन अजून धोंडा मोजतोय व्हय? मोजत असला तर सांगा, मी गप बसते."

तात्यांनी चष्मा काढला, पुसला. माणूस वाईट नाही. त्याला फक्त ठरलेलं बदललं की त्रास होतो, आणि तो त्रास मला समजतो. म्हणाले, "ते राहू दे. पण भाऊंची मूर्ती तयार आहे. नाही कशी म्हणायची? आणि किती दिवस ही अशी फुटक्या हाताची ठेवायची?"

तेव्हा केसरबाई वळल्या. जुन्या मूर्तीकडे बघून बोलल्या, तात्यांकडे नाही.

"ही मूर्ती तुमच्या वडलांनी आनली की. नागपूरवरनं. मांडीवर घिऊन. सतीश सांगायचे, रातभर यष्टीत खाली ठिवली न्हाय म्हने, पाय सुजले हुते. पन्नास बुद्ध पौर्णिमा बघितल्या हिनं. आन एकावन्नाव्या पौर्णिमेला, ऐन बुद्ध पौर्णिमेच्या दिवशी, तिला उचलून बाहीर काढायची? हिच्या जागी माजी आसू द्या न्हाय तर भाऊंची आसू द्या, त्या दिवशी ते बरं दिसतंय का? माजी पोरगी सांगती, तिकडं फुटकी मूर्ती कोन टाकून देत न्हाय. पिपळाखाली नेऊन बसवत्यात. एक तारखेची पौर्णिमा हिची हुंद्या. हिच्यापुढं खीर वाटा. मग एकतीसला हिला आपल्या पिपळाखाली बसवू आन नवी आत घिऊ."

मला माहीत आहे, हे त्या ठरवून आल्या नव्हत्या. ठरवून आल्या असत्या तर कॅलेंडरं लागली नसती.

तात्या उठून चबुतऱ्याजवळ गेले, मूर्तीच्या तुटलेल्या बोटांवरून अंगठा फिरवला. "ही बोटं मी मोडली," म्हणाले. "आठवीत होतो. पुसताना पाडली. वडलांना सांगितलं नाही कधी."

पत्रिका पुन्हा छापली. त्यात दोन तारखा होत्या. भाऊंना काय सांगितलं ते तात्यांनाच ठाऊक. त्यांनी पुढे विहाराला पंखे दिले, पाच, प्रत्येकावर नाव.

१ मेची खीर मी खाल्ली. जुन्या मूर्तीला त्या दिवशी कुणीतरी पांढरं वस्त्र नेसवून तुटका हात झाकला होता. तात्यांनी ते काढलं. म्हणाले, दिसू दे.

३० मेला दीक्षा आली. चार तासांचा उशीर, गाडी कुर्डुवाडीला अडकून पडलेली. मूर्ती तिने रिक्षातून मांडीवर घेऊन आणली. तात्या गल्लीच्या तोंडाशी उभे होते. त्यांनी ते पाहिलं आणि पुढे होऊन दुसऱ्या बाजूने हात लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भन्तेजींनी त्रिसरण-पंचशील दिलं, जुनी मूर्ती पिंपळाखालच्या कट्ट्यावर गेली, नवी आत आली. सतीशच्या चबुतऱ्यावर ती अशी बसली की पुढे-मागे, डाव्या-उजव्या बाजूला सारखी जागा. गवंड्याने सहा वर्षांपूर्वी कोणती मूर्ती मनात धरून माप घेतलं होतं कोण जाणे.

तात्या वहीपेन घेऊन केसरबाईंजवळ आले. "वहिनी, खाली फरशी लावू छोटी. नाव काय घालायचं? का नको? भाऊंसारखं नको म्हणालात तर..."

मला वाटलं, आता ही नको म्हणणार. पुस्तकं वाचून माझी ही खोड झालेली आहे.

"नको कशापायी? घाला की!" केसरबाई म्हणाल्या. "सतीश येडू शिवशरण, गवंडी. पुरं घाला. गवंडी इसरू नका."

वंदनेनंतर दीक्षाने पितळी वाटीत पाणी घेतलं, त्यात मोगऱ्याच्या कळ्या टाकल्या. सोंगक्रानला यायला जमलं नाही, ते आज करते म्हणाली. आधी मूर्तीच्या खांद्यावर थोडं ओतलं. मग तात्यांना हात पुढे करायला लावले. ते अवघडून बसले, पाणी मनगटावरून बाहीत गेलं, तरी हात हलवले नाहीत. मग आईचे हात. सुईने टोचून टोचून बोटांची टोकं दगडासारखी झालेली. केसरबाई म्हणाल्या, "हात धुवाया मला येतंय की गं," पण हात मागे घेतले नाहीत. दीक्षा हळू आवाजात म्हणाली, "चुकलं असेल तर माफ कर आई." अडीच वर्षं आली नव्हती. आई मान हलवत राहिली, नाही-नाही अशी की असू दे-असू दे अशी, मला मागून कळलं नाही.

मग दीक्षा माझ्याकडे वळली. मी म्हटलं, अगं थांब, माफी मी मागायची आहे, तुमच्या रीतीत ते उलटं चालतं का? ती म्हणाली, चालत नाही बाई, तुम्ही वयाने मोठ्या, तुम्ही फक्त हात पुढे करायचा.

मी केला.

"नीट वत त्या हातावर," केसरबाई मागून म्हणाल्या. "त्याच हातानं लाल पेन धरलं हुतं. आन बाई, पुढच्या सालची तारीख मी दीक्षाला इचारनार हाय."

कट्ट्यावरून नागव्वा खदाखदा हसली. मी घरी येऊन पाहिलं. पुढच्या साली दोन्ही पौर्णिमा एकाच दिवशी आहेत, २० मे. मी केसरबाईंना सांगायला गेले नाही. त्यांना विचारू दे दीक्षाला.